ग्रहणात दिसलेला हायड्रोजन

नांदेड-लातूरकडील शाळांत हायड्रोजनचा धडा शिकविताना परीक्षानळीत जस्ताचे तुकडे व सौम्य आम्ल घेतले जाते, जळती काडी तोंडाशी नेली की 'फट्' असा आवाज होतो आणि धडा संपतो. आम्हांला वाटते, तो सूर्यापर्यंत न्यावा. त्यासाठी १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण आठवावे लागेल.

त्या दिवशी चंद्राची छाया मराठवाड्याच्या दक्षिणेकडून, जमखंडी, विजापूर, गुंटूर या भागांवरून गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल व गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन वर्णपटदर्शक लावून बसले होते. सूर्याच्या कडेवरील तांबूस ज्वालांच्या प्रकाशात त्यांना सलग वर्णपट न दिसता सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे या ज्वाला तप्त वायूच्या होत्या. तांबडी व निळी रेषा हायड्रोजनची ठरली. पिवळी रेषा मात्र सोडियमची असावी असे तेव्हा वाटले.

ही पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही, हे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिले. पुढे त्या अज्ञात मूलद्रव्यास हेलियम हे नाव मिळाले. १८९५ मध्ये रॅम्से यांना ते पृथ्वीवर एका खनिजात सापडले.

आपल्याकडे मात्र 'लॉकियर यांनी विजयदुर्गावरून १८६८ मध्ये हेलियम शोधला' असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः ते विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. विद्यार्थ्यांना आपण खरे तेच सांगावे. त्याने विजयदुर्गाचे महत्त्व कमी होत नाही.

सूर्य मुख्यतः हायड्रोजनचा आहे, हे १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांच्या प्रबंधातून पुढे आले. त्याआधी १९२० मध्येच एडिंग्टन यांनी सुचविले होते की, हायड्रोजनपासून हेलियम बनताना सूर्याची ऊर्जा निर्माण होत असावी. हायड्रोजनची ४ केंद्रके मिळून हेलियमचे १ केंद्रक बनते, तेव्हा सुमारे ०.७ टक्के वस्तुमान ऊर्जेत बदलते. हे परीक्षानळीतल्यासारखे जळणे नव्हे. येथे ऑक्सिजन लागत नाही.

थोडक्यात, १८६८ च्या त्या रेषांत सूर्याचे इंधन आणि त्याची राख दोन्ही एकत्र दिसली होती. ओळख पटायला मात्र अर्धशतकाहून अधिक काळ लागला. लातूरच्या वैशाखातले ऊन अंगावर घेणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.