नवी मांडणी आणि जुनी संवय

पुलगांवच्या आमच्या घरीं दूरदर्शन-संचास जोडलेली एक लहानशी डबी आहे. आंतरजालावरून चित्रपट, गाणीं, कीर्तनें आणून तीं पडद्यावर दाखविणें हें तिचें काम. आमच्या मातोश्रींचें वय ऐशींच्या पुढें गेलें आहे, आणि इंग्रजी अक्षर त्यांस वाचतां येत नाहीं. तथापि सायंकाळचें कीर्तन लावण्याकरितां त्यांनीं स्वतःची एक युक्ति बसविली होती. रिमोटवरील घराचें चित्र असलेलें बटण एकदां दाबावयाचें, मग उजवीकडे तीन वेळां, खालीं एकदां, आणि शेवटीं मधलें बटण. दोन वर्षें ही युक्ति बिनचूक चालली. मग एका रात्रीं त्या डबीनें कोणासहि न विचारतां आपलें सॉफ्टवेअर बदलून घेतलें. सकाळीं पाहतों तों पडद्याचा चेहराच निराळा. वरची अर्धी जागा एका जाहिरातीनें व्यापलेली, आडव्या ओळींतल्या चौकटी डाव्या बाजूस उभ्या झालेल्या, आणि कीर्तनाची चौकट दुसऱ्याच एका चौकटीच्या पोटांत दडलेली. संध्याकाळीं मातोश्रींनीं संवयीप्रमाणें उजवीकडे तीन वेळां आणि खालीं एकदां केलें. समोर पैसे भरून पाहावयाच्या एका चित्रपटाचें चित्र उभें राहिलें. दोन दिवस त्यांनीं खटपट केली. तिसऱ्या दिवशीं रिमोट कपाटावर ठेवून त्या म्हणाल्या, "जाऊं दे बापा, आतां माझ्याच डोक्यांत कांहीं राहत नाहीं."

हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. वास्तविक त्यांच्या डोक्यांत सर्व कांहीं जसेंच्या तसें राहिलें होतें. बदलली होती ती डबी. परंतु दोष मात्र स्मरणशक्तीच्या खात्यावर पडला. एखाद्या वस्तूचें अंतरंग आपणांस ठाऊक नसतें. तिच्या बाहेरच्या मांडणीशीं आपला व्यवहार असतो, आणि ती मांडणी हाताच्या संवयीची झाली म्हणजे ती वस्तु आपली होते. अशी मांडणी वरून बदलण्याचे प्रसंग आपल्या देशांत पूर्वींहि आले आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांत आपल्या लोकांपुढें घड्याळ, लिपि आणि नाणें या तीन नित्याच्या वस्तूंच्या नव्या मांडण्या आल्या. त्यांपैकीं कोणती टिकली, कोणती टिकली नाहीं आणि कां, हें पाहिलें असतां आमच्या डबीचा न्याय करणें सोपें जाईल असें वाटतें.

प्रथम घड्याळ. ता. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनें ग्रिनिचच्या साडेपांच तास पुढें असलेली एकच प्रमाणवेळ हिंदुस्थानाकरितां ठरविली. तत्पूर्वीं आगगाड्या मद्रासच्या वेळेवर धांवत आणि मुंबई शहर आपल्या सूर्याप्रमाणें चाले. मुंबईची ही वेळ नव्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें होती. त्याच जानेवारींत मुंबईच्या कांहीं हजार गिरणी-कामगारांनीं नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडलें आणि दगडफेक केली. ज्याला उजाडण्यापूर्वीं घर सोडावयाचें त्याला ३९ मिनिटें म्हणजे कांटा सरकविण्याची गोष्ट नव्हे. ती अंधारांतली वाट असते. महानगरपालिकेनेंहि आपलीं घड्याळें जुन्याच वेळेवर ठेविलीं, आणि 'मुंबई टाइम' हा १९५५ पर्यंत, म्हणजे सुमारें ५० वर्षें, जिवंत राहिला. आज तो कोणास आठवत नाहीं. पुलगांवास सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीनें घड्याळांत बारा वाजून सतरा मिनिटें झाल्यावर. पण त्याबद्दल तक्रार करणारा मनुष्य आम्हांस भेटलेला नाहीं. यावरून दोन गोष्टी दिसतात. एक ही कीं, ज्या बदलाचा विरोधकांस मनस्वी संताप आला तो बदलहि पुढें उपयुक्त ठरूं शकतो. दुसरी ही कीं, तो अंगवळणी पडावयास दोन पिढ्या लागल्या, आणि तेवढा अवकाश लोकांनीं स्वतः भांडून मिळविला. वरून कोणी दिला नाहीं.

दुसरी हकीकत आमच्या जिल्ह्याच्या अगदीं अंगणांतली आहे. १९३५ सालीं इंदूर येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं हिंदी साहित्य संमेलन भरलें. त्या सुमारास नागरी लिपीच्या सुधारणेकरितां एक समिति नेमली गेली व तिचें संयोजकपण काका कालेलकर यांजकडे आलें. कालेलकर मूळचे साताऱ्याचे, मातृभाषेनें मराठी आणि कीर्तीनें गुजराती गद्याचे शिल्पकार. तेव्हां लिपीचा प्रश्न त्यांना केवळ पुस्तकी नव्हता. १९३६ सालीं वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समिति स्थापन झाली, आणि तिच्या पुस्तकांतून नवी बाराखडी घरोघर गेली. तिकडे रत्नागिरीच्या स्थानबद्धतेंत असल्यापासून सावरकरहि याच 'अ'च्या बाराखडीचा हिरिरीनें पुरस्कार करीत होते. ज्या दोन पक्षांचें राजकारणांत क्वचितच जमलें त्यांचें या एका गोष्टींत एकमत व्हावें, हा योगहि मोठा विलक्षण.

ही सुधारणा तर्कदृष्ट्या निर्दोष होती. 'क'ला वेलांटी दिली कीं 'कि', उकार दिला कीं 'कु'. मग 'अ'लाच तीं चिन्हें कां देऊं नयेत? 'ओ' आणि 'औ' हे आपण तसेच लिहितों. तेव्हां इ, ई, उ, ऊ, ए, ऐ या सहा अक्षरांस रजा द्यावी आणि अितिहास, अुत्तर, अेक असें लिहावें. या तर्कामागें छापखान्याची खरी अडचण होती. जोडाक्षरें आणि वर-खालच्या मात्रा मिळून जुळाऱ्यास शेंकडों खिळे हाताळावे लागत. टंकलेखन-यंत्राच्या चार-पांच डझन बटणांत तर नागरी मावतच नव्हती. ज्या लिपीला यंत्रांत जागा नाहीं ती राज्यकारभारांत मागें पडेल अशी भीति सुधारकांस होती, आणि ती खोटी म्हणतां येणार नाहीं.

तरी ही बाराखडी रुजली नाहीं. मराठींतील कांहीं नियतकालिकांनीं तिचा अंगीकार केला आणि यथाकाल तिला सोडून दिलें. उत्तर प्रदेशांत १९४७ सालीं नेमलेल्या आचार्य नरेंद्र देव यांच्या समितीनें तिच्याविरुद्ध मत दिलें. पुढें १९५३ च्या लखनौ परिषदेनें ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे द्यावी अशी दुसरी सुधारणा सुचविली. तीहि थोड्याच वर्षांत मागें घ्यावी लागली. लोक हट्टी होते म्हणून असें झालें, हें उत्तर अपुरें आहे. वाचावयास शिकलेला मनुष्य अक्षर अक्षर लावून वाचीत नाहीं. शब्दाची आकृति त्याच्या डोळ्यांस ओळखीची झालेली असते. ती आकृति मोडली म्हणजे चाळीस वर्षें वाचणारा मनुष्य एका दिवसांत अर्धशिक्षित होतो. शिवाय घरांतली पोथी, दुकानावरची पाटी, आजोबांचीं पत्रें हीं सर्व जुन्याच अक्षरांत राहिलीं. त्यामुळें मुलाला दोन्ही रीती शिकाव्या लागल्या. ओझें कमी करावयास निघालेल्या सुधारणेनें तें दुप्पट केलें.

या कथेचा शेवट मात्र सुधारकांच्या कल्पनेंतहि आला नसेल असा आहे. १९९१ सालीं युनिकोड नांवाच्या सर्व लिप्यांच्या जागतिक संकेताची पहिली आवृत्ति निघाली, आणि तींत देवनागरीला जागा मिळाली. त्या संकेतांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागून साठविली जाते, म्हणजे आपण उच्चारतों त्या क्रमानें. आणि ती डावीकडे नेऊन ठेवण्याचें काम यंत्र मुकाट्यानें करतें. यंत्राच्या सोयीकरितां माणसांनीं अक्षरें बदलावीं असा आग्रह १९३५ सालीं होता. साठ वर्षांच्या आंत यंत्रच आपलीं अक्षरें शिकलें. तेव्हां जी अडचण लिपीची म्हणून सांगितली जात होती ती यंत्राच्या बालपणाची अडचण होती.

तिसरी गोष्ट नाण्याची. जुना रुपया सोळा आण्यांचा, ६४ पैशांचा, १९२ पैंचा. १९५५ सालीं कायदा झाला आणि ता. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. हा बदल लहान नव्हता. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, आणि पाव पैसा कोणाच्याहि खिशांत नसतो. म्हणून कोष्टकें छापलीं गेलीं : एक आणा म्हणजे ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. एका जुन्या पैशाचा हिशेब दीडाहून किंचित् अधिक निघे आणि पूर्णांकांत दोन नवे पैसे धरला जाई. म्हणजे जो गरीब एका पैशाची वस्तु घेई त्यालाच या गोळाबेरजेची झळ अधिक लागे. कुरकुर झाली, बाजारांत तंटेहि झाले. तरीहि हा बदल सर्वांत लवकर पचला. ता. १ जून १९६४ रोजीं 'नवा' हें विशेषणहि गळालें आणि पैसा नुसता पैसा झाला.

तो कां पचला ? एक तर, सर्वांच्या तोंडीं असलेला मोठा शब्द, रुपया, जागचा हलला नाहीं. दुसरें असें कीं, कायदा आणि अंमल यांमध्यें सुमारें दीड वर्ष गेलें, आणि अंमलानंतरहि कांहीं वर्षें जुनीं व नवीं नाणीं एकाच पिशवींत नांदलीं. तिसरें, लाभ वापरणाराचाच होता. रुपये-आणे-पैंच्या त्रैराशिकांत ज्यांचें बाळपण गेलें त्यांस शतमानाचें सुख वेगळें सांगावयास नको. आणि ज्यांस जुनें हवें होतें त्यांच्याकडून तें कोणी हिसकावून घेतलें नाहीं. पंचवीस पैशांस चार आणे आणि पन्नास पैशांस आठ आणे म्हणण्याची रीत चालूच राहिली. चार आण्यांचें तें नाणें ३० जून २०११ रोजीं चलनांतून गेलें, तरी 'सोळा आणे खरें' हा प्रयोग मराठींतून अजून गेलेला नाहीं.

या तीन हकीकतींवरून बदलाची परीक्षा करण्याचे तीन प्रश्न निघतात. पूर्वसूचना दिली होती काय ? जुनें आणि नवें कांहीं काळ शेजारीं राहूं दिलें काय ? आणि लाभ कोणाचा ? ज्या गांवाचें नांवच वर्धा नदीवरील पुलावरून पडलें त्या गांवच्या लोकांस हें सांगावयास नको कीं, नव्या पुलावरून वाहतूक सुरू होईपर्यंत जुना मोडीत नाहींत. आमची डबी या तिन्ही प्रश्नांत नापास होते. सूचना नाहीं, मागें जाण्याची वाट नाहीं. आणि लाभ कोणाचा, याचें उत्तर पडद्याची अर्धी जागा अडविणारी जाहिरातच देते.

येथें कोणी म्हणेल कीं, सॉफ्टवेअर बदलल्यावांचून चालत नाहीं. चोरांस रोखावयाचें तर आंतली डागडुजी वरचेवर करावीच लागते. हें आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. पण सुतार बिजागरी दुरुस्त करावयास आला म्हणून दार उचलून दुसऱ्या भिंतींत बसवीत नाहीं. आणि मोठमोठ्या कारखानदारांसहि ही चूक महाग पडलेली आहे. मायक्रोसॉफ्टनें २०१२ सालच्या विंडोज ८ मधून 'स्टार्ट' बटण काढलें आणि पुढच्याच वर्षीं ८.१ मध्यें तें परत आणलें. घरोघर संगीत ऐकविणाऱ्या सोनोस कंपनीनें मे २०२४ मध्यें आपलें अ‍ॅप नव्यानें मांडलें. त्यांत नेहमीच्या गजरासारख्या सोयीहि नाहींशा झाल्या. जुलैंत मुख्याधिकाऱ्यांनीं क्षमा मागितली, आणि जानेवारी २०२५ मध्यें त्यांस पद सोडावें लागलें.

तरीहि पूर्वींच्या आणि आतांच्या बदलांत एक मोठा फरक आहे, आणि तोच आम्हांस अधिक बोंचतो. गिरणी-कामगारास आपला प्रतिपक्ष दिसत होता. त्याच्या संतापाला रस्ता होता आणि सोबतीला हजार माणसें होतीं. 'अितिहास' नको असलेला वाचक तें पुस्तक मिटवूं शकत होता. नव्या पैशाबद्दल लोकसभेंत विचारतां येत होतें. या डबीपुढें मात्र प्रत्येकजण आपल्या घरांत एकटा असतो. कोणास विचारावें हें ठाऊक नसतें, आणि शेजाऱ्याच्या घरींहि तेंच झालें आहे याचा पत्ता नसतो. म्हणून मनुष्य शेवटीं स्वतःलाच दोष देतो. अनेक वर्षांच्या जाणत्या हातांस एका रात्रींत अडाणी ठरविणें ही जी हानि, ती कोणत्याहि हिशेबांत धरली जात नाहीं. कारण जिची हानि झाली ती व्यक्ति तक्रार न करतां रिमोट कपाटावर ठेवून देते.

आम्हीं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत नवी वाट लिहून दिली : डावीकडे एक, खालीं चार, मधलें बटण, पुन्हा खालीं दोन, मधलें बटण. सायंकाळचें कीर्तन पुन्हा सुरू झालें. परंतु पूर्वीं मातोश्री पडद्याकडे न पाहतां बटणें दाबीत आणि तोंडानें गोष्टी चालू असत. आतां त्या आधीं चष्मा लावतात, पुठ्ठा हातांत घेतात, आणि पडदा कालच्यासारखाच आहे ना हें पाहून मग पहिलें बटण दाबतात. परवां त्यांनीं विचारलें, "हें आतां असेंच राहील ना ?" इतिहासाच्या तीन प्रकरणांचीं उत्तरें आमच्याजवळ होतीं, या प्रश्नाचें नव्हतें.