मधुमेहाचे मूळ कोठे?

मधुमेह हा गादीवर बसून खाणाऱ्यांचा रोग, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. शेतात राबणारा, घाटी चढणारा, अंगाने काटकुळा माणूस. त्याला कसला आलाय मधुमेह, असे आपण सहज म्हणून जातो. ही समजूत निरुपद्रवी असती तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. पण तिच्यापायी रक्ताची तपासणी राहून जाते, आणि रोग कळतो तेव्हा डोळे, मूत्रपिंडे किंवा पाय यांना इजा होऊन चुकलेली असते. म्हणून हे मूळ शोधण्याचा थोडा इतिहास आज पाहू.

आपल्या जुन्या वैद्यांना हा रोग ठाऊक होता. चरक-सुश्रुतांच्या संहितांत प्रमेहाचे रोगी स्थूल आणि कृश असे दोन तऱ्हेचे सांगितले आहेत. स्थूलाचे शोधन करावे, कृशाला मात्र आधी पोसावे, असा तो विवेक. पुढे १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्शुलिन वेगळे काढले, आणि १९२२ च्या जानेवारीत एका १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. इन्शुलिन म्हणजे रक्तातली साखर शरीराच्या कामी लावणारा रस. त्याच्यामुळे मरणाच्या दारातली माणसे जगू लागली. पण मोठेपणी होणारा मधुमेह मुळात होतो का, हा प्रश्न उरलाच. खाणे फार आणि हालचाल कमी, हे उत्तर खरे, पण अपुरे. आपल्याकडे तो सडपातळ माणसांनाही होतो, आणि तोही तुलनेने लहान वयात. हे कसे?

या प्रश्नाचा पाठपुरावा पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केला. इंग्लंडात डॉ. बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या जन्मनोंदी चाळून १९९१ साली दाखविले होते की, जन्मतः वजन कमी असलेल्यांना उतारवयात मधुमेहाचा धोका अधिक असतो. हा धागा धरून याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू केले. शेतकरी घरांतल्या बायांच्या घरी दरमहा जायचे, दिवस राहिले की नोंद करायची, त्या काय खातात, किती राबतात हे टिपायचे, आणि बाळ जन्मताच त्याचे वजन-माप घ्यायचे. काम चिकाटीचे, बरं का! घरच्या माणसांचा विश्वास बसल्याखेरीज ते होत नाही.

मापे हाती आली तेव्हा नवलच दिसले. या बाळांचे सरासरी वजन होते २.७ किलो, इंग्लंडातील साउदॅम्पटनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, त्यांचे स्नायू कमी; पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली! दिसायला बारीक, आतून चरबीदार. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. उंची-वजनाचा हिशेब दोघांचा सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगी शेकडा ९.१, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२! काटा सारखे वजन दाखवतो म्हणून शरीरे सारखी नसतात, हे यावरून पटावे.

आणखी एक गोष्ट पुढे आली. त्या गरोदर बायांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व कमी होते. दूध, दही, अंडी, मासळी यांतून ते मिळते. भाजी-भाकरीतून मिळत नाही. आणि ज्या आयांच्या रक्तात ब-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांच्या अंगी सहाव्या वर्षीच इन्शुलिन नीट लागू पडत नसल्याची लक्षणे दिसली. हीच मुले १८ वर्षांची झाली तेव्हा शंभरांतील ३७ मुलगे आणि १८ मुली यांची साखर मर्यादेबाहेर गेलेली आढळली. त्यांतील बहुतेक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. अंगाने ही मुले लठ्ठ नव्हती, हे ध्यानी घ्या.

म्हणजे रोगाचे बी पुष्कळदा आईच्या पोटातच पडते. मग उपाय कोठून सुरू करावा? आईपासून, किंबहुना आई होण्याच्या आधीपासून. याच विचाराने २०१२ साली त्या खेड्यांतल्या वयात आलेल्या मुला-मुलींना ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातही, चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने १६ ते १८ वर्षांच्या मुलींच्या प्रकृतीचा अभ्यास हाती घेतला आहे. कोकणची ही मुलगी उद्याची आई, हे त्यामागचे सूत्र.

आपल्या घरांत अजूनही लेकी-सुना शेवटी जेवतात. भांड्याच्या तळाशी उरेल ते त्यांचे. दूध मुलग्याला, बांगड्याचा मधला तुकडा घरधन्याला. ही रीत किती महाग पडते, याचा हिशेब दोन पिढ्यांनी हाती येतो. गुरुजनहो, आठवी-नववीच्या वर्गातल्या मुलींना हे समजावून सांगा. आणि त्याहून अगत्याने त्यांच्या आई-वडिलांना सांगा. खाण्यात संयम आणि अंगमेहनत यांचे महत्त्व कमी झालेले नाही. तपासणीही अंग बारीक आहे म्हणून टाळू नये. पण मधुमेहाशी झुंज द्यायची तर ती म्हातारपणी दवाखान्याच्या दारात सुरू करून भागणार नाही. मुलीच्या ताटापासूनच ती सुरू व्हायला हवी.