घर महागलं, म्हणजे नेमकं काय झालं?

‘घर पाहावं बांधून’ असं आपल्या आज्या म्हणायच्या. म्हणजे घर बांधणं तेव्हाही सोपं नव्हतं. मग आजच्या इतका पैसा तेव्हा का लागत नव्हता? आज त्याचाच हिशोब आपण मांडू.

मराठवाड्यातलं, सोलापूरकडचं माळवदाचं घर आठवा. दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा जाड थर. दगड आणि माती जवळपासच्या शिवारातली. मदतीला भावकी. रोख पैसा जायचा तो मुख्यतः लाकडाला, सुताराला आणि गवंड्याला. पुढे भिंती लिंपायच्या, जमीन सारवायची, हे वर्षानुवर्षं बायकांनीच केलं. त्याची मजुरी कुणी धरली नाही. ते घर स्वस्त वाटायचं, त्यामागे आपले फुकटचे हात होते.

सिमेंट तेव्हाही होतं, पण सहज मिळत नव्हतं. भाव आणि वाटप सरकारच्या हाती, त्यामुळे परमिट लागायचं. सिमेंटवाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ठपका ठेवल्यावर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी नियंत्रण सैल झालं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. सिमेंटची गोणी गावच्या दुकानात आली आणि तिचा भाव बाजार ठरवू लागला.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उजाडली. किल्लारीच्या भूकंपात त्याच जड भिंती आणि मातीची छपरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. दगडमातीच्या घराची धास्ती मनात बसली. कॉलम, बीम, स्लॅब म्हणजे सुरक्षित घर, असं समीकरण झालं. मजबुती हवीच, पण तिच्याबरोबर सळई, सिमेंट, खडी, वाळू, सगळंच विकतचं झालं.

वाळूची गोष्टही सारवणासारखीच आहे. नदीने दिली म्हणून ती स्वस्त. उपसा वाढला, पात्रं खोल गेली, काठच्या विहिरींचं पाणी उतरलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली. नदीचं नुकसान थांबवायला ते गरजेचंच होतं. पण मागणी तशीच राहिली आणि चोरट्या वाळूचा धंदा फोफावला. त्यात डिझेलचा खर्च आणि करही आला. सिमेंटवरचा जीएसटी २०१७ पासून २८ टक्के होता; सप्टेंबर २०२५ मध्ये तो १८ वर आला.

आता आपल्या घरकुलाकडे पाहू. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागासाठी २०१६ मध्ये १ लाख २० हजार रुपये ठरले. २०२४ मध्ये योजना पुढे वाढवताना केंद्राने आकडा तोच ठेवला. सळई-सिमेंट मात्र तिथे थांबलं नाही. मधली तूट कोण भरतं? कुठे बचत गटाचं कर्ज, कुठे गहाण पडलेलं मंगळसूत्र.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. पूर्वी आपली मेहनत हिशोबात नव्हती, आता निदान आपला पैसा तरी हिशोबात राहू द्या. वाळूचा ब्रास उतरताना समोर उभ्या राहा. पावती मागा. गवंड्याशी ठरलेलं कागदावर घ्या. आणि घरकुलाच्या कागदावर आपलं नाव आहे का, ते आधी बघा. योजनेत ती सोय आहे.