साडेतीन फूट आणि अडीच फूट

हेन्डरसनला आगगाडी आली ती डिसेंबर १८८० मध्ये. तेव्हा दोन रुळांमधले अंतर साडेतीन फूट, म्हणजे १०६७ मिलिमीटर होते. २०१५ च्या जुलैत इथे डिझेल जाऊन विजेची गाडी आली, तरी अंतर तेवढेच राहिले. कॅन्टरबरीत १८६३ साली धावलेली पहिली गाडी सव्वापाच फुटी होती. पण डोंगरदऱ्यांतून स्वस्तात मार्ग न्यायचे म्हणून १८७० नंतर साऱ्या देशाने साडेतीन फूट पत्करले.

हे सांगायचे कारण म्हणजे छोट्या आगगाड्यांचा छंद. बाजारात सर्वांत जास्त मिळणारा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा. सत्त्याऐंशी पट केला की बरोबर १४३५, म्हणजे युरोप-अमेरिकेतला रूळ. न्यूझीलंडच्या गाडीला तो बसत नाही. इथल्या छांदिष्टांनी मग रूळ तयार घेतला आणि प्रमाण बदलले! नऊ मिलिमीटरच्या रुळावर एकास एकशेवीस, साडेसोळाच्या रुळावर एकास चौसष्ट. दोन्हींचा गुणाकार १०६७ च्या आसपास येतो. डबे मात्र घरीच कापून, चिकटवून करायचे.

आपली अडचण निराळी. भारतातले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे. सत्त्याऐंशीने भागले तर सव्वाएकोणीस येतात, आणि इंजिन उभे करावे लागते साडेसोळावर. भारदस्त पाहुण्याला लहान मुलाच्या पाटावर बसवावे तसे ते दिसते. पण बार्शी लाइट रेल्वेला मात्र नशिबाने साथ दिली आहे. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, भागून पावणेनऊ. नऊचा तयार रूळ चालून जातो!

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने आखलेली ही रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी सुरू झाली. दर आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हे त्याचे सूत्र. त्यामुळे हलका, स्वस्त रूळ पुरला. गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. पुढे टप्प्याटप्प्याने सारा मार्ग ब्रॉडगेज झाला. प्रवाशांची सोय झाली हे खरेच, पण ती गाडी आता पाहायची तर कुणीतरी बनवायलाच हवी.

बनवून लोकांना दाखवणाऱ्यांत पुण्याच्या भाऊ जोशींचे नाव आधी घ्यावे लागेल. प्रदर्शनासाठी मांडणी इकडून तिकडे हलवण्याचा त्रास लक्षात आल्यावर त्यांनी ती कायमची एका जागी बसवली. कर्वे रस्त्याजवळचे ते संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला खुले झाले. सुट्टीत पुण्याला जाणाऱ्यांनी मुलांना अवश्य न्यावे.

हलवण्याचा त्रास बव्हंशी वायरींचा असतो. जुन्या पद्धतीत रुळातला प्रवाह वाढला की त्यावरची सगळी इंजिने एकदम पळतात. म्हणून रुळाचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला वेगळे बटण, वेगळी वायर. फळ्या सुट्या करताना हा गुंता सोडवा आणि दुसऱ्या सभागृहात पुन्हा जुळवा! १९९० च्या दशकात जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेतील मॉडेल रेल्वे संघटनेने डिजिटल नियंत्रणाचे मानक ठरवले. यात रुळात वीज कायम पूर्ण असते. तिच्यातूनच शून्य-एकच्या भाषेत निरोप जातो: 'इंजिन क्रमांक तीन, सावकाश.' नखाएवढी चकती पोटात असलेले तिसरे इंजिनच तेवढे ऐकते. फळ्यांखाली दोन मुख्य वायरी पुरतात, आणि एकाच रुळावर एक गाडी थांबवून दुसरी तिच्यामागे आणून लावता येते.

आमच्या गॅरेजमधल्या मांडणीत मालगाडी आता फलाटाला लागते. स्टेशनचा फलक रंगवायचा राहिला आहे. 'कुर्डुवाडी' लिहायचे की जुने 'बार्शी रोड', यावर घरात अजून एकमत नाही.