शब्दवेध : मंत्री आणि मँडरिन

नांदेड-लातूरने राज्याला शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले. त्यामुळे इथल्या पारावर ‘मंत्री’ हा शब्द रोजचाच. मूळ संस्कृत ‘मंत्रिन्’, म्हणजे मंत्र, अर्थात सल्ला देणारा. हाच शब्द मलय भाषेत ‘मेन्तेरी’ झाला. तिथून पोर्तुगीजांनी तो उचलला, आपल्या ‘मांदार’ (हुकूम देणे) या क्रियापदाच्या वळणावर नेला आणि चिनी अधिकाऱ्यांना ‘मांदारिम’ म्हणू लागले. इंग्रजीत तो ‘मँडरिन’ झाला.

हे अधिकारी प्राचीन चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसचे ग्रंथ घोकून, परीक्षा देऊन नेमले जात. जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी १६८७ मध्ये पॅरिसला त्यातल्या काहींचे लॅटिन भाषांतर छापले आणि युरोप थक्क झाला. १७२१ मध्ये जर्मनीतल्या हाले विद्यापीठात क्रिस्तियान वोल्फ या तत्त्वज्ञाने चिनी नीतिविचाराचा दाखला देत मांडले, की ईश्वरी साक्षात्काराविनाही माणूस बुद्धीच्या बळावर सदाचारी होऊ शकतो. धर्मपंडित खवळले. १७२३ मध्ये राजाज्ञेने त्याला शहर सोडावे लागले.

त्याच चिनी नीतिविचारात मंत्र्याचे कामही येते: राजा चुकत असेल तर त्याला तसे तोंडावर सांगावे, ही कन्फ्यूशियसची शिकवण. म्हणजे पोर्तुगीजांनी शब्दात हुकूम मिसळला, तरी चिनी आदर्श ‘मंत्रिन्’च्या मूळ अर्थाशीच जुळतो.