सुलतान, सूफी आणि दुष्काळ

1347 हे साल मी विद्यार्थ्यांना मुद्दाम पाठ करायला लावतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या तुघलकांविरुद्ध बंड केलेल्या सरदारांनी दौलताबादला अलाउद्दीन हसन बहमन शाहला तख्तावर बसवले. दख्खनमधली बहामनी सल्तनत सुरू झाली. दोनच महिन्यांनी सिसिली बेटावरच्या मेसिना बंदराला प्लेग घेऊन आलेली जहाजे लागली, आणि पुढच्या चार वर्षांत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसे मेली.

युरोपचा धडा शिकवताना आम्ही शिक्षक फळ्यावर ‘धर्मसत्ता विरुद्ध राजसत्ता’ असे लिहितो. मग कनोसाचा प्रसंग येतोच. जानेवारी 1077 मध्ये सम्राट चौथा हेन्री पोप सातव्या ग्रेगरीची माफी मागायला तीन दिवस बर्फात उभा राहिला. सात वर्षांनी त्याच हेन्रीने रोम घेतले आणि पोप परागंदा होऊन सालेर्नोत मेला, हे मात्र सहसा सांगायचे राहते. पोपकडे जमिनी होत्या, कर होता, सैन्य होते. त्यामुळे ते भांडण धर्म आणि सत्ता यांच्यात जितके होते, तितकेच ते दोन सत्तांमधले होते.

आपल्याकडे पोप नव्हता. इस्लाममध्ये तशी गादीच नाही. मग दख्खनच्या सुलतानाला अडवणारा कोण होता? या प्रश्नाचे उत्तर नाशिकपासून एका दिवसात जाऊन येण्यासारख्या अंतरावर, वेरूळजवळच्या खुलताबादला आहे.

दुसरा बहामनी सुलतान पहिला मुहम्मद शाह (1358 ते 1375) गादीवर आला तेव्हा दख्खनच्या बहुतेक शेखांनी त्याची बैअत मान्य केली. बुरहानुद्दीन गरीब यांचे खलिफा शेख जैनुद्दीन शिराजी यांनी केली नाही. सुलतान उघडपणे दारू पितो, हे कारण. पुढे दौलताबादला बहराम खान माझंदरानीने बंड केले. त्याला एका मराठा सरदाराची साथ होती, आणि आपल्या जिल्ह्यातल्या बागलाणच्या राजाचीही. पैठणच्या बाजूला बंड मोडले. पळालेले बंडखोर सल्ला घ्यायला शेखांकडे आले. शेख म्हणाले, बायकामुलांना घ्या आणि गुजरात गाठा.

सुलतान भडकला. दरबारात हजर व्हा आणि बैअत करा, असा हुकूम गेला. शेखांनी उत्तरात एक गोष्ट कळवली. एक आलिम, एक सय्यद आणि एक मुखन्नस (आजच्या भाषेत तृतीयपंथी) शत्रूच्या हाती सापडले. मूर्तीपुढे डोके टेका, नाहीतर मरा, असे त्यांना सांगण्यात आले. आलिमाने शरियतमधली सवलत शोधली आणि डोके टेकले. सय्यदाने आजोबांच्या शिफारशीवर भरवसा ठेवला आणि टेकले. तिसरा म्हणाला, माझ्याकडे ना इल्म, ना खानदान. आयुष्य गुन्ह्यात गेले, एवढा एक सजदा शिल्लक आहे, तो मी देणार नाही. शेखांचा निरोप होता की मी त्या तिसऱ्यासारखा आहे.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. एवढ्या मोठ्या शेखाने स्वतःची तुलना कोणाशी करावी, तर ज्याला मशिदीच्या पहिल्या सफेत कोणी उभे राहू देणार नाही अशा माणसाशी. आणि मूर्तीच्या जागी ठेवले ते सुलतानाला!

हद्दपारीचा हुकूम निघाला तेव्हा शेख मुसल्ला आणि काठी घेऊन आपल्या पीरांच्या मजारीपाशी गेले, काठी जमिनीत रोवली आणि बसले. कोणाची हिंमत असेल त्याने उठवावे. शेवटी सुलतानानेच नमते घेतले आणि राज्यातल्या दारूच्या भट्ट्या बंद केल्या. हे सारे फरिश्ताने विजापुरात बसून सुमारे अडीचशे वर्षांनी लिहिले आहे, त्यामुळे संवादांचा शब्द न् शब्द खरा मानायची गरज नाही. पण जैनुद्दीन यांनी स्वतःमागे खलिफा नेमला नाही, हे खरे. खुलताबादची ती परंपरा तिथेच थांबली. 1707 मध्ये औरंगजेबाला त्यांच्याच दर्ग्याच्या आवारात दफन केले गेले. आज तिथे जाणारे आणि त्यावर टीव्हीवर भांडणारे सगळे त्या उघड्या कबरीबद्दल बोलतात. शेजारी कोण झोपला आहे, हे विचारणारे थोडे.

नंतर दुष्काळ आला. 1387 ते 1395 या काळात पाऊस फिरला, आणि 1396 पासून दुर्गादेवीचा दुष्काळ सुरू झाला, जो बारा वर्षे टिकल्याचे परंपरा सांगते. तेव्हाचा सुलतान दुसरा मुहम्मद शाह शांत, अभ्यासू स्वभावाचा होता. त्याने सरकारी बैलांचे तांडे माळवा आणि गुजरातेत धाडून धान्य आणवले आणि स्वस्तात विकले. गुलबर्गा, बीदर, कंधार, अचलपूर, दौलताबाद, चौल, दाभोळ इथे अनाथ मुलांसाठी शाळा काढल्या. मुलांचे राहणे, जेवणे, शिकणे सरकारी खर्चाने. अंधांना तनखा. मी शिक्षक आहे, चौदाव्या शतकात दाभोळला अनाथांची निवासी शाळा होती हे वाचून मला अभिमान वाटतोच.

आपल्या जलशांमध्ये हे सगळे सांगितले जाते. वूल्झली हेग यांनी केंब्रिजच्या इतिहासात हीच माहिती देताना एक छोटी जोड दिली आहे: स्वस्त धान्य फक्त मुसलमानांना विकले जाई. ही जोड गाळून सुलतानाचे गुणगान करणे मला जमत नाही. दुष्काळात जमीन भेगाळली ती सगळ्यांची होती, आणि बैल ज्या सरकारी खजिन्यातून पोसले जात त्यात कुणब्याचा सारा होता.

युरोपात याच परीक्षेचा निकाल कितीतरी भयानक लागला. विहिरींत विष घालून ज्यूंनीच प्लेग आणला, अशी आवई उठली. पोप सहाव्या क्लेमेंटने 1348 मध्ये फर्मान काढून ज्यूंना हात लावू नका म्हणून बजावले. तरी 14 फेब्रुवारी 1349 ला स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळले, आणि त्यांच्याकडून घेतलेली कर्जे बुडवली. सम्राटाला बर्फात उभे करणाऱ्या गादीचा शब्द त्या दिवशी एका शहरातही चालला नाही.

इकडे सूफीही बदलत होते. तैमूरच्या स्वारीच्या तोंडावर दिल्ली सोडलेले ख्वाजा बंदानवाज गेसूदराज गुलबर्ग्याला आले तेव्हा फिरोज शाह बहामनीने त्यांचे स्वागत केले. पुढे बिनसले. खानकाहची गर्दी किल्ल्याजवळ नको म्हणून त्यांना जागा सोडावी लागली. ख्वाजांनी फिरोजच्या मुलाऐवजी भाऊ अहमदला आशीर्वाद दिला, आणि 1422 मध्ये अहमद सुलतान झाला. दर्ग्याला गावे इनाम मिळाली. जैनुद्दीन सुलतानाला नकार देत होते. साठेक वर्षांत खानकाह पुढचा सुलतान कोण, यावर बोलू लागली होती. ख्वाजांचा इल्म मोठा, दख्खनवर त्यांचे उपकार मोठे. पण इनामाची सनद घरात आली की नकार अवघड होतो, हे नाकारता येत नाही.

त्याच शतकात, 1460 च्या सुमाराच्या दुष्काळात, मंगळवेढ्याचे दामाजीपंत बीदरच्या बादशहाचे कोठार उघडतात, अशी कथा कीर्तनांतून आजही सांगितली जाते. विठ्ठल विठू महाराच्या रूपात दरबारात जाऊन धान्याची किंमत चुकती करतो. कथा म्हणूनच ती ऐकायची. पण बैलांचे तांडे धाडणाऱ्या सुलतानाचे नाव मराठी मुलखात कोणाला आठवत नाही, आणि त्याच घराण्याचा हा कारकून घराघरात माहीत आहे. कथेत धान्य न्यायला आलेल्यांना त्याने फक्त एवढेच विचारले, की पोटाला किती दिवस झाले.