सांगोल्याचे आमदार भाई गणपतराव देशमुख

नागरिकशास्त्राच्या तासाला विधानसभेचा धडा आला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, सभागृहात २८८ आमदार. त्यांत एखाद्या लहान पक्षाचे तीनच. त्या तिघांनी हात वर केले काय आणि न केले काय, फरक काय पडणार?" प्रश्न मुलाचा असला तरी सूर घरचा असतो. पालक मंडळीही बोलता बोलता म्हणून जातात की आपण मूठभर, आपले ऐकतो कोण. या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. परंतु महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या इतिहासात एका गृहस्थाची कारकीर्द अशी आहे की तिच्याकडे बोट दाखवता येईल. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून ११ वेळा निवडून गेलेले शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख यांची ही कारकीर्द होय.

तिचे मूळ शोधू गेल्यास आपल्या पुण्यात यावे लागते. स्वातंत्र्याच्या सुमारास काँग्रेसमधील शेतकरी वर्गाच्या कार्यकर्त्यांत असंतोष माजला होता. सत्ता आली, पण कुळांना आणि कष्टकऱ्यांना काय मिळाले, असा त्यांचा सवाल होता. पुण्याच्या जेधे मॅन्शनचे केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्या पुढाकाराने १९४७-४८ मध्ये शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला. १९५० साली दाभाडीच्या अधिवेशनात पक्षाने मार्क्सवादी विचारसरणीचा स्वीकार केला. पुढे १९५४ साली स्वतः जेधेच काँग्रेसमध्ये परतले आणि मागाहून अनेक जण गेले. मोहोळ तालुक्यातील पेनूर गावी जन्मलेले गणपतराव या काळात पुण्यात शिकत होते. कायद्याची पदवी घेऊन ते सांगोल्यास वकिलीसाठी गेले. नेते परतले, ते मात्र परतले नाहीत. या पक्षात सहकाऱ्याला 'भाई' म्हणून हाक मारण्याची रीत आहे. ती आपल्या वाचकांना परकी वाटणार नाही. पक्षात ते भाई गणपतराव, आणि तालुक्यात नुसते 'आबा'.

१९६२ साली ते प्रथम विधानसभेवर निवडून आले. ते वर्ष विरोधकांना अजिबात अनुकूल नव्हते. संयुक्त महाराष्ट्र मिळाला होता, समितीत फूट पडली होती आणि यशवंतराव चव्हाणांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या होत्या. शे. का. पक्षाला १५ जागा मिळाल्या. १९६७ साली त्या १९ झाल्या, १९७२ मध्ये ७ वर आल्या, १९७८ मध्ये १३, आणि मग हळूहळू ओहोटीच लागली. २००४ साली दोन, २०१४ साली २८८ मध्ये तीन. हे आकडे मी मुद्दाम देत आहे. ज्या माणसाचा पक्ष पन्नास वर्षे आकसत गेला, तो माणूस त्याच पक्षाच्या नावावर १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असा निवडून येत राहिला. लाटेवर स्वार होऊन येणाऱ्याला हे जमत नाही.

येथे एक दुरुस्ती करणे आवश्यक वाटते. हा देशातील विक्रम आहे, असे पुष्कळ ठिकाणी छापून येते. ते खरे नाही. केरळातील पाला मतदारसंघातून के. एम. मणी १३ वेळा निवडून आले होते, आणि तामिळनाडूचे करुणानिधीही निरनिराळ्या मतदारसंघांतून १३ वेळा विजयी झाले. महाराष्ट्रापुरता विक्रम गणपतरावांचा आहे आणि तेवढा पुरे.

वरील यादीत दोन ठिकाणी खंड दिसेल. मला स्वतःला त्यांच्या विजयांपेक्षा हे दोन पराजय अधिक बोलके वाटतात. पहिला १९७२ चा. त्याच साली महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला, सांगोल्यासारख्या तालुक्यांतील लोक खडी फोडण्याच्या कामावर गेले, आणि नेमक्या त्या वेळी सांगोल्याचा हा कार्यकर्ता सभागृहाबाहेर होता. १९७४ च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना परत पाठवले. दुसरा पराजय १९९५ चा, आणि तो केवळ १९२ मतांनी! तेव्हा त्यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवले होते. आपल्याकडे या वयात पराभूत झालेला पुढारी घरी बसतो, नाही तर सत्ताधारी पक्षाचा दरवाजा ठोठावतो. गणपतरावांनी दोन्ही केले नाही. ते पुन्हा गावोगाव फिरू लागले, आणि १९९९ पासून ओळीने चार वेळा निवडून आले. अखेरच्या विजयाच्या वेळी त्यांचे वय ८८ होते.

सत्ता त्यांना मिळालीच नाही असे नाही. १९७८ साली शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि १९९९ साली विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात ते मंत्री होते. पहिले सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने बरखास्त केले. दुसऱ्याचा पाठिंबा २००२ मध्ये त्यांच्या पक्षाने काढून घेतला. सगळे मिळून चार-साडेचार वर्षे. बाकीचा सारा काळ विरोधी बाकांवर गेला.

मग विरोधी बाकांवरचा, तीन-चार जणांच्या पक्षातला आमदार करतो काय? विद्यार्थ्यांनी येथे नीट लक्ष द्यावे, कारण मताची मोजणी हे विधानसभेचे एक काम झाले. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते. लक्षवेधी सूचना दिली की खात्याला निवेदन करावे लागते. अर्थसंकल्पावरील कपात सूचना बहुधा फेटाळली जाते, पण त्या निमित्ताने एखाद्या रखडलेल्या तलावाचे नाव सरकारी दप्तरात नोंदवले जाते. या आयुधांना बहुमत लागत नाही. त्यांना अभ्यास लागतो आणि शेवटपर्यंत बसून राहण्याची तयारी लागते. गणपतरावांची ख्याती नेमकी याच गोष्टींसाठी होती. कामकाज संपेपर्यंत सभागृहात हजर राहणारा, अंदाजपत्रकाची पुस्तके वाचून येणारा आणि मुंबईस एस.टी.ने जाणारा आमदार म्हणून कर्मचारी व पत्रकार त्यांना ओळखत. एस.टी.च्या प्रवासाचे वर्तमानपत्रांनी फार कौतुक केले. मला त्यात एवढेच महत्त्वाचे वाटते की शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाला आपले गाऱ्हाणे सांगण्यासाठी चिठ्ठी पाठवावी लागत नसे.

परंतु त्यांच्या कारकिर्दीचा खरा विषय म्हणजे पाणी. सांगोला हा पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी तालुक्यातून जाते खरी, पण वर्षातील बहुतेक दिवस तिचे पात्र कोरडेच. पलीकडे कृष्णा वाहते, तिच्या काठी ऊस डोलतो, आणि इकडे आटपाडी, जत, मंगळवेढा, सांगोला या पट्ट्यात जनावरांना प्यायला पाणी नाही. कृष्णेच्या पाण्यात महाराष्ट्राचा वाटा बच्छावत लवादाने ५६० टी.एम.सी. ठरवून दिला होता. ते पाणी राज्यातच कोणाला मिळायचे, हा खरा तंटा होता. स्वातंत्र्यसैनिक क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरवण्यास सुरुवात केली. तेरा दुष्काळी तालुक्यांतील शेतकरी तेथे जमत. मागणी साधी होती : पाण्याचे समान वाटप करा. नदी खाली आणि शेते वर असल्याने पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने चढवावे लागणार होते. कराडजवळच्या टेंभूपासून आणि मिरज तालुक्यातील म्हैसाळपासून निघणाऱ्या उपसा योजना त्यासाठीच आहेत. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. त्याची कचेरी आपल्या पुण्यातच, सिंचन भवनात आहे. त्या इमारतीवरून आपण रोज जातो. तेथल्या कागदांवर किती तालुक्यांचे भवितव्य अडकून पडलेले असते याचा विचार सहसा मनात येत नाही.

या योजनांना वर्षे लागली, आणि किती लागली हे सांगायला लाज वाटावी. सभागृहात मांडलेला प्रश्न दहा वर्षांनी परत मांडायचा, मंत्री बदलला की नव्या मंत्र्याला पहिल्यापासून समजावायचे, निधी तुटला की पुन्हा परिषद भरवायची. पाच वर्षांसाठी येणाऱ्या आमदाराच्या हातून हे होण्यासारखे नव्हते. दीर्घकाळ निवडून येण्याचा उपयोग काय, याचे उत्तर मला येथे सापडते.

पाणी येईपर्यंत लोकांनी हात बांधून बसावे असेही त्यांनी होऊ दिले नाही. १९९० साली राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना काढली, आणि सांगोल्याच्या माळरानावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. थोड्या पाण्यावर तग धरणारे हे झाड तालुक्याची ओळख बनले. 'तेल्या' रोगाने पुढे कित्येक बागा बसवल्या हेही सांगितले पाहिजे. कापसाचा प्रदेश नसताना सांगोल्यात शेतकरी सहकारी सूत गिरणी उभी करून त्यांनी ती चालवून दाखवली. महाराष्ट्रातील किती सहकारी गिरण्या बुडाल्या हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

त्यांच्या कारकिर्दीतली उणी बाजूही झाकता येत नाही. सांगोल्याचा गड त्यांनी राखला, पण पक्ष राज्यभर आटत असताना तो थांबवणे त्यांच्याने झाले नाही. आबांच्या सभांना गर्दी होई ती आबांसाठी. त्यांच्यामागे दुसरी फळी किती तयार झाली, या प्रश्नाचे उत्तर २०१९ साली मिळाले. वयामुळे ते त्या वर्षी उभे राहिले नाहीत. पक्षाने त्यांच्या नातवाला उमेदवारी दिली आणि ही जागा ७६८ मतांनी गेली.

३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे, वयाच्या ९४ व्या वर्षी गणपतरावांचे निधन झाले. २०२४ च्या निवडणुकीत सांगोल्यातून त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले. त्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचे ते एकटेच आमदार आहेत.